एक गुंठा नाचणी: तरव्यापासून मोडाच्या पिठापर्यंत

कोकणात आणि घाटमाथ्यावर पुष्कळ घरांच्या मागे उताराचा, तांबड्या मातीचा एखादा तुकडा गवताला सोडलेला असतो. त्यात भाताला लागणारे पाणी ठरत नाही आणि माती हातभरसुद्धा खोल नसते, म्हणून त्याला वरकस म्हणून बाजूला ठेवले जाते. अशा जमिनीतील एका गुंठ्यावर अवघ्या ५० ग्रॅम बियाण्यातून पंधरा-वीस किलो नाचणी घरच्या घरी पिकवता येते, आणि एवढी नाचणी चौघांच्या कुटुंबाला भाकरी, आंबील व सत्त्व यांसाठी कित्येक महिने पुरते. ज्यांनी नाचणी फक्त पिठाच्या पिशवीतून पाहिली आहे आणि आता ती स्वतः लावायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. नाचणीकडे दुर्लक्ष केले तरी ती येते, हा समज मात्र आधीच बाजूला ठेवावा लागेल. दुर्लक्ष केले तरी ती जगते, हे खरे. पण कणीस भरायचे की नाही हे रोपाचे वय आणि पहिली बेणणी (तण काढणे) या दोन गोष्टींवर ठरते, आणि त्या दोन्ही वेळा माणसाने सांभाळायच्या असतात.

नाचणी हे मुळात गवत आहे, आणि तेही एकवर्षायू: एका पावसाळ्यात उगवते, फुटवे काढते, दाणा भरते आणि संपते. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव एल्युसिनी कोराकाना असे आहे. त्यातील कोराकाना हा शब्द कुरक्कन या सिंहली नावावरून आला. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेश, म्हणजे आजच्या इथिओपिया आणि युगांडाचा डोंगराळ भाग. तेथील रानटी गवतापासून माणसाने ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाळवली, आणि पुढे ती भारतात येऊन येथलीच झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि कोल्हापूरकडे ती नाचणी, नाशिक-पालघरच्या डोंगरांत नागली, कर्नाटकात रागी आणि उत्तराखंडात मंडुवा आहे. नेपाळात तिला कोदो म्हणतात, परंतु आपल्याकडचा कोद्रा हे वेगळेच तृणधान्य आहे, त्यामुळे बियाणे मागवताना हा घोटाळा टाळावा.

हे मूळ घर लक्षात घेतले म्हणजे तिच्या सवयी समजतात. ज्वारी, मका आणि ऊस यांच्याप्रमाणे ती कडक उन्हात आणि उष्णतेतही हवेतील कर्बवायू कार्यक्षमतेने वापरणाऱ्या गटातील वनस्पती आहे, आणि तिची तंतुमय मुळे उथळ मातीला घट्ट धरून ठेवतात, म्हणून डोंगरउतार तिला मानवतो. तिला पाऊस हवा, पण मुळांशी साचलेले पाणी नको. दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या सह्याद्रीच्या पट्ट्यात ती तगते याचे कारण उतारावरून पाणी वाहून जाते. तीच रोपे भाताच्या खाचरात लावली तर पिवळी पडतात. तेव्हा जागा निवडताना पहिला निकष पाण्याच्या निचऱ्याचा आणि दुसरा उन्हाचा ठेवावा. आंबा-काजूच्या सावलीत नाचणीची उंची वाढते, पण कणीस पोकळ राहते.

बियाणे आणि तरवा

नाचणीचे वाण हळवे, निमगरवे आणि गरवे असे ओळखले जातात. हळवे वाण सुमारे शंभर दिवसांत आणि गरवे सव्वाशे दिवसांच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक दिवसांत तयार होते. जेथे ऑक्टोबरपर्यंत पाऊस रेंगाळतो तेथे गरवे वाण घ्यावे, कारण हळव्या वाणाची कणसे पावसातच पिकतात आणि दाणे कणसातच मोडावतात किंवा काळे पडतात. हलक्या, लवकर सुकणाऱ्या माळावर मात्र हळवेच बरे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नाचणीचे सुधारित वाण दिले आहेत, त्यांत दापोली १ आणि फुले नाचणी ही नावे अनेकांच्या ऐकिवात असतील. गावातील एखाद्या आजीकडे पिढ्यांपासून जपलेले स्थानिक बियाणे मिळाले तर तेही आवर्जून लावावे. निदान एक वाफा तरी त्याचा ठेवावा.

एका गुंठ्यासाठी पाच चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पाच मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा एक गादीवाफा पुरतो. कोकणात तरव्याच्या, म्हणजे लावणीसाठी वाढवायच्या रोपांच्या, जागी शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या रचून मे महिन्यात भाजावळ करण्याची रीत जुनी आहे. तिने तणाचे बी जळते आणि राखेतून पोटॅश मिळते, हे मान्य करूनही मी तिची शिफारस करणार नाही. पाच चौरस मीटरच्या वाफ्यासाठी झाडे तोडण्याची गरज नाही, आणि जो पालापाचोळा जळतो तोच कुजवला तर वरकस जमिनीला हवे असलेले सेंद्रिय द्रव्य मिळते. त्याऐवजी वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पहिल्या वळवाच्या पावसाने तण उगवून आले की ते हाताने उपटून मगच बी टाकावे. भाजावळीने जे साधते त्यातील बहुतेक काम एवढ्याने होते.

पेरणीपूर्वी बी पाण्यात टाकून वर तरंगणारे हलके दाणे काढून टाकावेत आणि खाली बसलेले बी सावलीत सुकवावे. अझोस्पिरिलम हे जिवाणू खत मिळाले तर किंचित ओलसर बियांना चिमूटभर चोळावे. मृग नक्षत्राचा पाऊस स्थिर झाला की, म्हणजे बहुधा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, वाफ्यावर चार-चार बोटांच्या अंतराने बोटानेच उथळ रेघा ओढून त्यांत बी सोडावे. नाचणीचा दाणा मोहरीपेक्षाही लहान असल्यामुळे तो हातातून एकाच जागी पडतो. यासाठी बियांत चौपट-पाचपट कोरडी बारीक माती मिसळून मग पेरावे. वर मातीचा थर अर्ध्या बोटापेक्षा जाड नसावा. खोल गेलेले बी वर येतच नाही, आणि पहिल्यांदा लावणाऱ्याची सर्वांत मोठी चूक बहुधा हीच असते. मुंग्या बी नेतात, म्हणून वाफ्याच्या कडेने राख पसरावी. चार-पाच दिवसांत हिरवी लव दिसू लागते.

लावणी

तरवा २१ ते २५ दिवसांचा झाला की लावणी करावी. हा आकडा काटेकोरपणे पाळण्याचे कारण रोपाच्या घडणीतच आहे. नाचणी बुडापासून फुटवे काढते आणि प्रत्येक सशक्त फुटव्याच्या टोकाला एक कणीस येते. कणीस म्हणजे पक्ष्याच्या पंजासारखी एकत्र आलेली चार ते आठ बोटे. फुटवे काढण्याची ही क्षमता कोवळ्या वयात सर्वाधिक असते. रोप वाफ्यातच दाटीत महिन्यापेक्षा जास्त काळ थांबले तर ते उंच आणि बारीक होते, आणि लावल्यावर त्याला एखाददुसराच फुटवा येतो. भाताची लावणी आटोपल्यावर उरलेल्या दिवसांत नाचणी लावायची अशी गावोगाव पद्धत पडली आहे, आणि त्यामुळेच नाचणीचा तरवा चाळीस-चाळीस दिवस वाफ्यात खोळंबतो. मग कमी पिकाचा दोष जमिनीला दिला जातो. एक गुंठा लावायला दोन माणसांना एक दिवस पुरतो, तेव्हा भात लावायचा असला तरी मध्ये एक दिवस काढून नाचणी आधी लावावी.

जमीन एकदा उभी-आडवी नांगरून किंवा कुदळीने खणून घ्यावी आणि गुंठ्याला ५० किलो कुजलेले शेणखत पसरून मिसळावे. ओळी नेहमी उताराला आडव्या काढाव्यात, कारण उताराच्या दिशेने काढलेल्या ओळींतून जुलैचा पाऊस माती आणि खत दोन्ही घेऊन जातो. दोन ओळींत एक वीत आणि दोन चुडांत (चूड म्हणजे एका जागी एकत्र लावलेली रोपे) अर्ध्या विताहून थोडे अधिक अंतर ठेवावे. एका चुडात दोन रोपे पुरेत. या हिशेबाने एका गुंठ्यात साडेतीन-चार हजार चूड बसतात, त्यासाठी सात-आठ हजार रोपे लागतात, आणि ५० ग्रॅम बियाण्यात अदमासे वीस हजार दाणे असल्यामुळे निवड करून चांगलीच रोपे घेण्याइतकी मोकळीक राहते. जेथे उतार फार तीव्र आहे आणि नांगर चालत नाही, तेथे जमीन न उकरता अणकुचीदार ठोंब्याने भोके पाडून त्यांत रोपे बसवण्याची पद्धत आहे. तिने मातीची धूप कमी होते, पण तण अधिक येते आणि बेणणीला हात जास्त लागतात.

रोपे उपटण्यापूर्वी वाफा पाण्याने भिजवावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. रोप दोन-तीन बोटे खोल लावून बुडाशी माती दाबावी. पहिले तीन दिवस पाने मलूल दिसतील. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. आठ-दहा दिवसांनी शेतात फेरी मारून मेलेल्या चुडांच्या जागी वाफ्यात राखलेली रोपे लावावीत, त्यानंतर लावलेले रोप शेजारच्या रोपांच्या सावलीत मागे पडते.

रासायनिक खत द्यायचे असेल तर मातीपरीक्षणाप्रमाणे द्यावे. ते झाले नसेल तर माझ्या मते शेणखताच्या जोडीला लावणीच्या वेळी अर्धा किलो आणि महिन्याने बेणणीनंतर अर्धा किलो युरिया एका गुंठ्याला पुरतो. त्याहून जास्त नत्र दिले तर झाडे उंच वाढून सप्टेंबरच्या वाऱ्यात लोळतात आणि करपा हा बुरशीचा रोगही वाढतो.

बेणणी आणि रान नाचणी

लावणीनंतर २० ते २५ दिवसांनी पहिली बेणणी झालीच पाहिजे. दुसरी त्यानंतर तीन आठवड्यांनी करावी. ती काही दिवस पुढे-मागे झाली तरी चालते, पहिलीला मात्र उशीर करू नये. फुटवे याच काळात निघत असतात आणि तणाने त्या वेळी ओल, खत आणि ऊन बळकावले तर ते नंतर भरून निघत नाही.

या पिकात तण ओळखणे हेच एक कसब आहे, कारण तिची सर्वांत त्रासदायक शत्रू तिची सख्खी नातलग आहे. एल्युसिनी इंडिका हे रानटी गवत, ज्याला रान नाचणी म्हटले जाते, कोवळेपणी हुबेहूब नाचणीसारखे दिसते. फरक बुडाशी पाहावा. रान नाचणीचे खोड बुडाकडे चपटे आणि पांढुरके असते, तिचे फुटवे उभे न राहता जमिनीसरसे चहूकडे पसरतात, आणि ती उपटताना मुळे इतकी चिवट असतात की पुष्कळदा पानेच हातात येतात. नाचणीचे रोप त्या मानाने उभे, गोलसर खोडाचे असते. फेकून पेरलेल्या नाचणीत हा निवाडा जवळजवळ अशक्य होतो. ओळीत लावलेल्या नाचणीत मात्र ओळीबाहेरचे प्रत्येक रोप निःशंकपणे उपटता येते. ओळीत लावण्याचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः यासाठीच. उपटलेले तण ओळींच्या मधे आच्छादन म्हणून पसरावे, पण त्याला बी धरलेले नसावे.

रोगांपैकी करप्याची काळजी घ्यावी लागते. ही बुरशी पानांवर मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पाडते. पानांवर एवढ्याने फारसे बिघडत नाही; परंतु तीच बुरशी कणसाच्या मानेवर आली तर मान काळी पडते, वरचा अन्नपुरवठा तुटतो आणि सगळे कणीस पोचट होते. निरोगी शेतातील बियाणे, नत्राचा बेताचा वापर आणि चुडांमधून खेळती हवा या तीन गोष्टींनी घरगुती क्षेत्रात करपा आटोक्यात राहतो. मधला पोंगा (कोवळ्या पानांची सुरळी) वाळून सहज उपटून येत असेल तर आत खोडकिड्याची अळी असते. असे फुटवे बुडातून काढून नष्ट करावेत.

कापणी, मळणी

नाचणीची सगळी कणसे एकदम पिकत नाहीत. मुख्य खोडाचे कणीस आधी आणि फुटव्यांची कणसे आठ-पंधरा दिवस मागाहून तयार होतात. त्यामुळे झाडाचा रंग पाहून कापणी ठरवू नये, कारण कणीस पिकले तरी पाने हिरवीच राहू शकतात. कणसातून दोन-चार दाणे काढून नखाने दाबावेत; दाणा फुटून पांढरा चीक आला तर थांबावे, आणि दाणा नखाला न दबता कडक लागला, कणसाचा रंग तपकिरी झाला, की ते कणीस विळ्याने कापून घ्यावे. एका गुंठ्यात अशा दोन फेऱ्या सहज करता येतात. मोठ्या शेतात मजुरीमुळे हे परवडत नाही आणि सगळी कापणी एकदम करावी लागते, पण घरापुरते पिकवणाऱ्याला ही चैन करता येते व तिचा लाभ दाण्याच्या वजनात दिसतो.

कापलेली कणसे काही ठिकाणी ढीग घालून दोन-तीन दिवस उबवतात, म्हणजे दाणा सुटा होतो. पाऊस पूर्ण उघडलेला असेल तरच हे करावे. हवेत दमटपणा असताना घातलेला ढीग आतून तापतो, बुरशी धरतो आणि त्या नाचणीच्या भाकरीला कुबट वास येतो. त्यापेक्षा खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरून तीन-चार दिवस कडक ऊन देणे निर्धोक आहे. वाळलेली कणसे काठीने झोडावीत, दाणे वाऱ्यावर उफणावेत आणि सुपाने पाखडावेत. दाण्याला चिकटून राहिलेला पातळ पापुद्रा गोणपाटात घालून चोळला की निघतो. उरलेले काड गुरांना द्यावे. दुभत्या गाई-म्हशी ते आवडीने खातात.

साठवणीच्या बाबतीत नाचणीसारखे सोयीचे धान्य विरळा. दाणा लहान आणि टणक असल्यामुळे त्याला कीड सहसा लागत नाही, आणि नीट वाळवलेली नाचणी कणगीत किंवा पत्र्याच्या डब्यात अनेक वर्षे टिकते. दुष्काळी वर्षांसाठी ती राखून ठेवण्याची रीत यातूनच पडली. पीठ मात्र फार दिवस ठेवू नये, महिन्याला लागेल तेवढेच दळावे.

स्वयंपाकघरात

खळ्यावरच्या नाचणीत बारीक खडे राहतातच, आणि ते दाण्याएवढेच असल्यामुळे निवडून निघत नाहीत. त्यासाठी नाचणी रोळून घ्यावी: पसरट पातेल्यात पाणी घालून नाचणी ढवळावी आणि पातेले हळूहळू हलवत वरचे दाणे पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात उतरवत जावे, म्हणजे जड खडे तळाशी उरतात. हे दोन-तीनदा करून दाणे रोवळीत निथळावेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत असते. हे कॅल्शियम दाण्याच्या तांबूस सालीत अधिक साठलेले असते, ही गोष्ट कृती निवडताना लक्षात ठेवावी. आपल्याकडे सत्त्व या एकाच शब्दाने दोन वेगळे पदार्थ ओळखले जातात. एकात भिजवलेली नाचणी वाटून, कापडातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. तो पचायला हलका, पण साल चोथ्यात गेल्यामुळे कॅल्शियमला मुकलेला असतो. दुसरे म्हणजे मोड आणलेल्या नाचणीचे पीठ, आणि रोजच्या वापरासाठी मी याचीच शिफारस करतो.

ते करण्यासाठी एक किलो रोळलेली नाचणी १२ तास भिजवावी आणि मध्ये एकदा पाणी बदलावे. मग ती स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधून उबदार जागी टांगावी व फडके सुकू न देता दीड ते दोन दिवसांत दाण्याएवढे मोड येऊ द्यावेत. आंबट वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर तो घाणा टाकून द्यावा. मोड आलेली नाचणी प्रथम सावलीत आणि मग उन्हात खडखडीत वाळवावी, तळहातांनी चोळून मोड झाडून टाकावेत, मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंतच भाजावी आणि बारीक दळावी. मोड येताना दाण्यात पिष्ट मोडणारी विकरे (एन्झाइम) तयार होतात आणि लोह व कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट कमी होते. म्हणूनच या पिठाची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होते, आणि त्याच पातळपणात जास्त पीठ मावते. थोडेच खाऊ शकणाऱ्या बाळाला आणि आजारातून उठलेल्या माणसाला याचा उपयोग होतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला ती देताना पीठ वस्त्रगाळ करून घ्यावे. मधुमेहात नाचणी हवी तेवढी खावी असे जे सांगितले जाते ते मात्र बरोबर नाही: तिच्यातही सुमारे दोन तृतीयांश पिष्टच आहे, आणि मोडाच्या पिठाची पातळ पेज फार लवकर पचते. अशा व्यक्तीने भाजीसोबत मोजकी भाकरी खाणे अधिक बरे.

भाकरीसाठी साधे पीठच वापरावे. त्यात गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे गार पाण्यात मळलेली भाकरी थापताना चिरते. म्हणून वाटीला वाटी पाणी मीठ घालून उकळावे, त्यात पीठ घालून झाकण ठेवावे आणि पाच मिनिटांनी गरम असतानाच मळावे. आंबिलीसाठी दोन चमचे पीठ पेलाभर पाण्यात रात्री भिजवून सकाळी सतत ढवळत शिजवावे आणि कोमट झाल्यावर ताक, ठेचलेली लसूण, जिरे व मीठ घालावे. उकळत्या पेजेत ताक ओतले तर ते फाटते. गोव्यात गूळ आणि नारळाचा रस घालून केलेले तिजन न्याहारीला घेतात. नाशिककडचे नागलीचे पापड हा स्वतंत्र विषय आहे.

पुढच्या वर्षाचे बियाणे

हे काम कापणीच्या पहिल्या फेरीतच करावयाचे असते. नाचणीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे शेजारी दुसरे वाण असले तरी बियाणे शुद्ध राहते आणि दरवर्षी विकत घेण्याची गरज पडत नाही. गुंठ्याच्या मधल्या भागातून, मान निरोगी असलेली, बोटे आत वळून गच्च भरलेली आणि भरपूर फुटव्यांच्या चुडावरची तीस-चाळीस कणसे निवडून वेगळी बांधावीत. ती वेगळीच वाळवून हाताने चोळावीत, बी चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात किंवा काचेच्या बरणीत भरावे आणि वर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. मे महिन्यात त्यातील १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाच दिवस ठेवावेत. ८० किंवा अधिक उगवले तर गुंठ्याला ५० ग्रॅम पुरेसे आहेत, साठ उगवले तर ७० ग्रॅम पेरावे, आणि पन्नासही उगवले नाहीत तर ते बी दळणात घालून नवे आणावे.